व्हॉल्व्हची माळ

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. नांदेडच्या बाहेर लातूर रस्त्याला माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. इतक्या वर्षांत या हातानं मी किती इंजिनं खोलली याची मोजदाद नाही, आणि माणसंही काही कमी ठोकली नाहीत. एकाला तर नुसतं ‘झालं का काम?’ असं विचारल्याबद्दल ठोकलं होतं. समोरचा म्हातारा चहावाला नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचा, ‘गाडी सोडा, पन मिस्त्रीपासून चार हात लांब उभं ऱ्हावा.’ मला ते ऐकून बरं वाटायचं.

राग घरातूनच आला. वडील ट्रक चालवायचे. गाडीचा तुटलेला पट्टा, म्हणजे पंखा फिरवणारा रबरी फॅन बेल्ट, आमच्या घरात खुंटीला टांगलेला असायचा. तो पाठीवर बसला की क्षणभर काहीच कळत नाही, मग आग उठते. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडिलांचा हात खुंटीकडे गेला की ती मला पोटाशी ओढायची आणि स्वतःची पाठ वर करायची. माझ्या वाटणीचे वळ तिच्या पाठीवर आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

अक्काला जळकोटजवळच्या खेड्यात दिली. वडील गेले तेव्हा त्यांचा सहाचाकी ट्रक मी विकला नाही, अक्काच्या नवऱ्याच्या, दाजींच्या हातात दिला. दाजी मुदखेडला रेल्वेनं आलेली खताची पोती भरायचे आणि जळकोट, उदगीरकडं पोचवायचे. अक्काचं घर त्या ट्रकवर चालायचं. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा. मी भेटलो की दाजींच्या पाया पडायचो, जेवायला बसताना त्यांचं ताट आधी वाढायला लावायचो, पण मनातून मला तो माणूस बुळा वाटायचा. कधी आवाज चढवणार नाही, कधी हॉर्नवर हात ठेवून बसणार नाही. असा माणूस ट्रक काय चालवणार, असं मी तोंडावर नाही तरी मागून म्हणायचो.

खरं म्हणजे दाजी गाडी कानानं चालवायचे. जुन्या ट्रकचं इंजिन पुढच्या बोनेटखालून मागं केबिनमध्येच शिरलेलं असतं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, झाकणाखाली. दाजी कधी गाणी लावायचे नाहीत. मान जराशी डावीकडे कलती ठेवून बसायचे आणि घरी आले की मला फोन करून सांगायचे, ‘मिस्त्री, पुढच्या उजव्या चाकाचं बेरिंग कोरडं झालंय,’ किंवा ‘तिसऱ्या नळीतलं डिझेल कमी पडून राहिलंय.’ मी खोलून बघायचो तर तसंच निघायचं. याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या ट्रकचं जुनं इंजिन फुटलं. मी भंगारात निघालेल्या एका गाडीचं जरा अलीकडचं इंजिन आणून बसवलं, आणि बसवताना पहिलं काम केलं ते आमच्या भागातला कुठलाही मिस्त्री करतो तेच. आतला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकला.

हा व्हॉल्व्ह म्हणजे पितळेची मूठभर वस्तू. इंजिन गार असेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, इंजिन तापलं की उघडतो. थंड मुलखात इंजिनानं लवकर ऊब धरावी म्हणून केलेली सोय. आमच्याकडे मे महिन्यात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लागत नाही, इथं कुणाला पाहिजे ऊब? तो अडकून बसला तर इंजिन जळतं, म्हणून तो नकोच, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि मी तसंच करत आलो. काढलेले व्हॉल्व्ह मी टाकून देत नसे. तारेत ओवून त्यांची माळ गॅरेजच्या दारावर लावली होती. आलेल्या माणसाला दाखवायचो, ‘कंपनीला अक्कल न्हाई, हे बघा किती कचरा काढला.’

नव्या इंजिनानं सपाट रस्त्यावर काही तक्रार केली नाही. जळकोटच्या अलीकडे एक लांब चढ आहे, त्या चढाला भरलेली गाडी लागली की मात्र तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन पाणी उकळायचं. दाजी गाडी बाजूला घेऊन तासभर थांबायचे, पाणी भरायचे आणि निघायचे. पहिल्यांदा मी पट्टा बदलला. दुसऱ्यांदा रेडिएटर खोलून आतला क्षार खरवडून काढला, कारण आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं नळ्या हमखास बंद होतात. तिसऱ्यांदा पाण्याचा पंप नवा टाकला, चौथ्यांदा इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, उतरवून त्याखालचं गॅसकेट बदललं. गाडी दर वेळी त्याच चढावर उकळली. आणि दर वेळी मी दाजींवर आदल्या वेळेपेक्षा जास्त ओरडलो. पाणी बघत नाही, चुकीच्या गिअरमध्ये रेटता, तुमचा पायच जड आहे. शेवटी तर दारू पिऊन चालवता असंही म्हणालो. दाजींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हे मला माहीत होतं.

मे महिन्यातली दुपार होती. दाजी चढावरूनच माघारी वळून, थांबत थांबत, भरली गाडी घेऊन गॅरेजात आले. बोनेटमधून वाफ निघत होती आणि पाणी रस्त्यावर सांडत होतं. चहावाल्याच्या बाकड्यावर चार-पाच ड्रायव्हर बसले होते. त्यातला एक हसून म्हणाला, ‘मिस्त्री, पावनी परत आली जनू.’ माझी कानशिलं तिथंच तापली.

दाजी खाली उतरले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, ‘मिस्त्री, जरा हात लावून बघा. इंजान उकळून राहिलंय अन् रेडेटर खालून गार हाय. पानी तिकडं जाऊनच न्हाई राहिलं.’

‘तुमी मला शिकवता?’

‘शिकवत न्हाई. पन तुमी त्यो व्हॉल काढला, तवापासून हे चालू झालंय.’

सगळे ऐकत होते. वर दारात ती माळ लटकत होती. माझा उजवा हात उघडा गेला आणि दाजींच्या डाव्या कानावर बसला. पत्र्यावर हातोडा पडावा तसा आवाज झाला. दाजी बंपरवर आपटले, तोंड आपटून ओठ फुटला. ते उठायच्या आत मी त्यांच्या बरगडीत लाथ घातली. मग टॉमी उचलली, ही चाकाचे नट फिरवायची लोखंडी कांब असते, आणि ती डोक्यावर नेली. ती खाली आली असती. चहावाल्यानं मागून मनगट धरलं आणि दोन ड्रायव्हरांनी मला कमरेला विळखा घालून मागं खेचलं. म्हातारा धापा टाकत म्हणाला, ‘दाजी हाय त्यो तुजा. बहिनीचं कुंकू हाय.’

‘उद्यापासून ह्या गाडीला हात लावायचा न्हाई,’ मी ओरडलो. ‘सगळ्यांच्या म्होरं सांगून राहिलो.’

दाजींनी हात उगारला नाही. उठले, रक्त टॉवेलनं पुसलं, किल्ली बंपरवर ठेवली आणि डाव्या कानावर तळहात दाबून एसटी स्टँडच्या दिशेनं चालत गेले. पाठमोरे जाताना ते जरासे एका बाजूला झुकत होते. मला वाटलं नाटक करतात. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत मला हलकं हलकं वाटत होतं.

आठव्या दिवशी अक्का आली. जळकोटहून दोन गाड्या बदलून, उन्हातून. मी एका ट्रकखाली होतो, फक्त तिच्या चपला दिसल्या. बाहेर आलो आणि सवयीनं पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. भिंतीवर जुने पट्टे टांगलेले असतात, त्यातला एक तिनं खिळ्यावरून काढला, हाताला एक वेढा घेतला आणि माझ्या पाठीवर ओढला. मग दुसरा. मी हललो नाही. तिसरा मानेवर बसला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली होती, पण या वेळी मधे कुणी पडलं नाही.

‘तुज्या वाटनीचे माज्या पाठीवर हायेत,’ ती म्हणाली. ‘तीन परत दिले. बाकीचे ऱ्हाऊ दे.’

मग पट्टा तिनं परत खिळ्याला लावला आणि शांतपणे सांगितलं. दाजींच्या डाव्या कानाचा पडदा फुटला होता. उदगीरच्या डॉक्टरनं बघितलं, जखम भरेल म्हणाला, पण ऐकू परत येईलच असं नाही. घराजवळून ट्रक गेला की दाजी मान फिरवून उजवा कान रस्त्याकडं करतात आणि मग आत जाऊन बसतात.

‘गाडी तुजी हाय, कुनाला बी दे,’ अक्का म्हणाली. ‘पन त्यानं चूक काय केली, ती मला काढून दाव. तू चारचौघांत मारलास. चूक त्याची निघाली तर चारचौघांत सांग, मी त्याला परत गाडीवर बसू देनार न्हाई. तुजी निघाली तर ती बी चारचौघांतच सांगायची. तवर माजा भाऊ मला न्हाई.’

पाणीसुद्धा न पिता ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गाडी काढली. खताची पोती अजून तशीच भरलेली होती. मला दाजींची चूक हवी होती. देवाशपथ, रस्ताभर मी हेच म्हणत होतो की चढ सरळ जावा, काटा हलू नये, म्हणजे तो पायच जड होता हे सिद्ध होईल. चढ लागला. मी पाणी काठोकाठ भरलेलं होतं, गिअर बरोबर होता, पाय हलका होता. अर्ध्यावर काटा उठला, लाल पट्टीत गेला आणि झाकणातून वाफ फुसफुसायला लागली.

मी गाडी बाजूला घेऊन उडी मारली आणि पुढून वाकून रेडिएटरच्या तळाला हात लावला. गार होता. वर पाणी खदखदत होतं आणि खाली हात आरामात ठेवता येत होता. दाजींनी सांगितलं होतं अगदी तसं.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्या शिकाऊ माणसालाही करू देत नाही. तापल्या रेडिएटरचं झाकण हातानं फिरवलं. उकळतं पाणी आणि वाफ उसळून कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलून निघाला. मी ओरडलो. तिथं माळरानावर मारायला कुणी नव्हतं. मग टॉमी घेतली आणि ट्रकला मारत सुटलो. बोनेट चेपलं, दिवा फोडला, वडिलांनी हौसेनं लावलेली पितळी पट्टी तोडली. हाताची कातडी लोंबत होती तरी थांबलो नाही. एक मेंढपाळ लांब उभा राहून बघत होता. त्यानं मेंढरं वळवली आणि दुसऱ्या वाटेनं नेली. दम संपला तेव्हा मी चाकाला टेकून बसलो आणि मोठ्यानं रडलो.

इंजिन गार झाल्यावर, डाव्या हातानंच, मी व्हॉल्व्हच्या जागेवरचं झाकण खोललं. जुन्या इंजिनात तिथं पाण्याला एकच वाट असते, रेडिएटरकडं जाणारी. इथं तळाशी आणखी एक तोंड होतं. बसवताना मी ते बघितलं होतं, पण विचार केला नव्हता, कारण मला सगळं येत होतं.

फोडांवर फडकं गुंडाळून गॅरेजला परत आलो. दारावरच्या माळेत शेवटी ओवलेला व्हॉल्व्ह त्याच इंजिनाचा होता. तो काढला आणि चहावाल्याला म्हणालो, ‘पातेल्यात पाणी उकळ.’ त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि स्टोव्हवर पातेलं ठेवलं. व्हॉल्व्ह तारेनं पाण्यात सोडला. पाणी तापत गेलं तशी वरची चकती उघडली, आणि त्याच वेळी खालून दुसरी एक चकती पुढं सरकली. म्हणजे हा व्हॉल्व्ह तापल्यावर रेडिएटरची वाट उघडत होता आणि ते खालचं तोंड बंद करत होता. मी तो काढल्यामुळे ते तोंड कायम उघडं राहिलं होतं. गरम पाणी रेडिएटरकडं न जाता जवळच्या वाटेनं फिरून परत इंजिनात घुसत होतं. सपाटीला निभावत होतं, चढावर उकळत होतं.

‘काय दिसलं?’ म्हाताऱ्यानं विचारलं.

‘काय न्हाई,’ मी म्हणालो.

त्या पातेल्यात त्यानं पुन्हा चहा केला नाही. व्हॉल्व्ह बसवून मी त्याच दिवशी पुन्हा चढावर गेलो. काटा मधोमध उभा राहिला, जागचा हलला नाही. पोती टाकून मी परत आलो आणि चार दिवस कुणाशी बोललो नाही.

पाचव्या दिवशी गाडी घेऊन अक्काच्या दारात गेलो. दाजी ओसरीवर बसले होते. मी ‘जय भीम’ म्हणालो तर त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडं बघितलं. ‘गाडी दुरुस्त झाली,’ मी म्हणालो. ‘मुदखेडचा माल भरायचाय. चला, जाताना चढावर बघून घेऊ.’ अक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, ‘चूक कुनाची निघाली?’

‘दाजींना गाडीत सांगतो,’ मी म्हणालो. तिनं दार लोटून घेतलं.

दाजी गाडीवर बसले, मी डावीकडच्या सीटवर. आमच्या मधे इंजिन. गाडी रिकामी होती, म्हणून उतार उतरून खाली गेल्यावर दाजींनी वाळूवाल्याच्या ढिगावरून वाळू भरून घेतली आणि गाडी वळवून चढाला लावली. इंजिन गरजत होतं. मला वाटलं, आता बोलावं. इथं कुणी नाही. मी समोर काचेकडं बघत म्हणालो, ‘दाजी, चूक माझी होती. व्हॉल काढायला नको होता. तुमी बरोबर सांगितलं अन् मी तुमाला मारलं. माफ करा.’

दाजी काट्याकडं बघत होते. चढ संपला तेव्हा म्हणाले, ‘मिस्त्री, काटा जागचा हलला न्हाई बघा.’

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. बोलून झालं होतं. मग कळलं की मी बोललो होतो ते त्यांच्या डाव्या बाजूला, जो कान मी फोडला त्या कानात, इंजिनाच्या आवाजात. हात उचलायला मला पाच माणसं चालली होती आणि माफी मागायला मी रिकामा माळ शोधला होता. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

वाळू परत त्याच ढिगावर उतरवून नांदेडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दाजींनी गाडी गॅरेजसमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं. बाकड्यावर माणसं होती, त्यातली दोन त्या दिवशीची. चहावाला होताच. मी उतरलो, पुढून वळसा घालून उजव्या खिडकीशी गेलो आणि मोठ्यानं बोललो. सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, दोन तोंडं, पातेलं, दारू पिता असं मी म्हणालो होतो तेही. शेवटी म्हणालो, ‘दाजींची काय बी चूक नव्हती. चूक माझी होती, अन् मार त्यांनी खाल्ला.’ मग दारावरची माळ तोडली आणि ते पितळ रस्त्यावर घरंगळत गेलं. कुणी उचलायला पुढं आलं नाही.

दाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, ‘चढावर तुमचे ओठ हलताना दिसले हुते. म्हनलं, हितं येऊन बोलतेत का बघू.’

ते खाली उतरले. माझ्या भाजलेल्या हाताकडं बघितलं. चेपलेलं बोनेट उघडून त्यांनी रेडिएटरच्या तळाला हात लावला आणि मान हलवली, तो आता गरम होता. मग पूर्वीसारखा डावा कान इंजिनाकडं नेला, थांबले, आणि अंग फिरवून उजवा केला. डोळे मिटून ऐकत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या.

‘मिस्त्री,’ ते म्हणाले, ‘पट्टा वाजून राहिलाय का बारीक? मला आता नीट कळंना. तुमी ऐका जरा.’

मी वाकलो. पट्टा वाजत होता. अगदी बारीक, चिरकल्यासारखा. पूर्वी एवढा आवाज त्यांना चालत्या गाडीत, भर चढावर ऐकू आला असता आणि घरी पोचल्यावर त्यांनी मला फोन केला असता.

‘हाव, वाजतोय,’ मी म्हणालो.

‘मंग कसून घ्या,’ दाजी म्हणाले, आणि पाना माझ्या हातात देऊन बाजूला उभे राहिले.